उजवी चढी

लिहा, पण मी सांगते तसंच लिहा, गोड करू नका. मागं एकानं अशीच माझी माहिती नेली आणि छापताना मला रणरागिणी करून टाकलं. मी रागिणी नाय, मला राग येतो, एवढंच.

माझं नाव सुनंदा. गाव फुलंब्रीच्या अलीकडं, पण मी गावची म्हणण्यापेक्षा भट्टीची. अण्णा, म्हणजे माझे वडील, लग्नाच्या आधीच शहरात आले, औरंगाबाद म्हणा, संभाजीनगर म्हणा, आमच्याकडं येणारे ट्रकवाले दोन्ही म्हणतात आणि दोघांची कमान सारखीच मोडते. नगर नाक्याच्या पुढं, पडेगावच्या रस्त्याला एका म्हाताऱ्या उस्तादाच्या दुकानात अण्णा घण मारायला राहिले, उस्ताद गेल्यावर दुकान त्यांच्याकडं आलं. कमानीचं दुकान. कमान म्हणजे काय ते आधीच सांगते, नायतर पुढचं सगळं तुमच्या डोक्यावरून जाईल. गाडीच्या मागच्या चाकांपाशी, अंगाखाली, पोलादाच्या पट्ट्यांची एक चळत असते, सगळ्यात लांब पट्टी वर, मग आखूड, मग आणखी आखूड, आणि सगळ्या धनुष्यासारख्या वाकवलेल्या. त्या एका पट्टीला आम्ही पाटा म्हणतो आणि चळतीला कमान. एक कमान डाव्या चाकाला, एक उजव्या. चाक खड्ड्यात गेलं की कमान दबते, बाहेर आलं की उठते. माल तिच्या डोक्यावर, रस्ता तिच्या पायाखाली, आणि काही मोडलं की शिव्या तिलाच. म्हणून मला ती आपल्यातली वाटते.

आम्ही दोघं भावंडं, मी थोरली आणि सुभाष धाकटा. सुभाषला ठिणगीची भीती. भीती म्हणजे काय सांगू तुम्हाला, भाता सुरू झाला की हा पोरगा ट्रकच्या मागं जाऊन बसायचा आणि अण्णा हाका मारून थकायचे, मग सांडशी धरायला मी. सांडशी धरता धरता घण हातात आला. त्यातही मी डावरी. आईनं मारून मारून जेवायचा हात बदलला, पण घणाचा हात तिला बदलता आला नाय, कारण भट्टीपाशी ती येतच नव्हती. अण्णांनी दोन दिवस कुरकुर केली आणि मग ऐरण फिरवून ठेवली. बाप असावा तर असा, असं तुम्ही लिहाल, तर थांबा जरा. ऐरण फिरवली, पण भट्टी आणि रस्ता यांच्या मधे पत्र्याचा आडोसाही त्यांनीच उभा केला. घणाला हात डावा चालेल, पण तो पोरीचा आहे हे रस्त्यावरून दिसायला नको. पुढं गल्ल्यावर सुभाष, मागं भट्टीवर मी. पाटा लाल करायचा, ठोकून बाक द्यायचा, तेलात बुडवायचा, मग परत ऊब देऊन बाभळीची काडी घासून बघायची, काडी कशी सरकते त्यावर कळतं की पोलादाला पाणी, म्हणजे हवा तेवढा कडकपणा, बसलं का नाय. हे सगळं मी करायचं आणि पत्र्यापलीकडं ड्रायव्हर म्हणायचे, सुभाषभाऊच्या हातची कमान दबून बसत नाय बघा. सुभाष म्हणायचा, अण्णांची कृपा. मी आतून ऐकायची. हसायची सुद्धा, खोटं कशाला बोलू. काम मिळत होतं, घर चालत होतं, माझं लग्न पण झालं. नवरा चांगला आहे, एमआयडीसीत वॉचमन आहे, त्याचा या गोष्टीत काही संबंध नाय.

आता अण्णांची एक म्हण सांगते, सगळं गाडं तिथंच रुतलेलं आहे. उस्तादानं त्यांना शिकवलेली आणि त्यांनी आम्हाला. डावी चढी, तर गाडी खडी. आपल्याकडं गाड्या रस्त्याच्या डाव्या अंगानं चालतात, रस्ता कडेला उतरता असतो, समोरून कोणी आलं की डावं चाक खाली साइडपट्टीत जातं, म्हणजे सगळा भार घसरून डाव्या कमानीवर. उजवी धडधाकट असते तोवर डावी बसलेली असते. म्हणून आमच्या दुकानात जोडी करताना डावी कमान थोडी जास्त बाक देऊन चढी ठेवायची, एखाद्याला तर डावीकडं एक पाटा जास्त. फर्दापूरच्या लेणीच्या बसपासून वैजापूरच्या कांद्याच्या गाडीपर्यंत सगळ्यांना हाच नियम, आणि नियम बरोबर आहे, मी त्याला नावं ठेवत नाय. सुभाषला घण येत नसला तरी ही म्हण पाठ. अण्णा गेले तेव्हा त्यांच्या फोटोला हार घालताना फोटोची डावी बाजू त्यानं बोटभर वर ठेवली. चेष्टा नाय करत, जाऊन बघा, अजून तसाच आहे.

तर अशात नदीमभाई आला. लग्नाच्या मंडपाचं, डेकोरेशनचं काम आहे त्याचं, तोंड गोड आणि डोकं फिरलेलं. त्याच्या वडलांची पांढरी ॲम्बॅसिडर होती. त्या गाडीत बसून अर्ध्या शहरातले नवरदेव गेलेत, बँडच्या मागं, मुंगीच्या चालीनं. वडील गेल्यावर या पठ्ठ्यानं त्याच गाडीत कुठलं तरी मोठं जपानी इंजिन बसवलं आणि तिला शर्यतीत घालायचं ठरवलं. ती शर्यत म्हणजे वळणाची नव्हे. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, दिवा लागला की सोडायच्या, सरळ पट्टी, जो आधी पोचला तो जिंकला. चहाचा कप संपायच्या आत खेळ खलास. मी म्हणाले, एवढ्यासाठी एवढा खर्च? तर म्हणाला, आपा, अब्बा की गाडी जिंदगीभर सबसे पीछे चली, एक बार सबसे आगे देखना है.

पण तो आला ते मात्र सुभाषकडं नाय आला. सरळ पत्र्याच्या मागं आला. कोणी सांगितलं कुणास ठाऊक, म्हणाला, सुना है असली मिस्त्री तो पीछे बैठती. सुभाषचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी म्हणाले, काय त्रास आहे? म्हणाला, आपा, गाडी भागती नै, नाचती.

मी गाडी तिथं बघितलीच नाय. म्हणाले, जिथं नाचते तिथं ने. पडेगावच्या मागं एक प्लॉटिंग पडलंय, प्लॉट कोणी घेतले नायत पण सिमेंटचा सरळ रस्ता झालाय. तिथं मी रस्त्याच्या कडेला आडवी झाले, गाल सिमेंटला लावून, आणि त्याला म्हणाले, सोड. तो म्हणे, आपा, कपडे खराब होंगे. म्हणाले, माझे कपडे बघायला आलाय का, सोड. त्यानं सोडली आणि मला दिसलं. इंजिनाचा दांडा मागं येऊन चाकांच्या मधल्या गोळ्यात घुसतो ना, तो गोळा नुसती चाकं फिरवत नाय, जोर लावला की स्वतः पण फिरायला बघतो, नाक वर करतो. त्या ओढीनं कमानीचा पुढचा अर्धा भाग वर फुगतो, मागचा अर्धा खाली जातो, कमान सापासारखी नागमोडी होते, मग एकदम सुटते, परत होते, परत सुटते. हा नाच. मग मी उठून रस्त्यावरचे टायरचे पट्टे बघितले. डाव्या चाकाचा पट्टा काजळासारखा, सलग. उजव्याचा तुटक, फिका, मधेच नायसा झालेला. म्हणजे तो दांडा फिरताना दोन्ही चाकं जोडणाऱ्या अख्ख्या ॲक्सलला पिळत होता, डावं चाक जमिनीत दाबत होता आणि उजवं उचलत होता. त्यात नदीमभाईनं दोन्ही चाकं एकत्रच फिरावीत म्हणून गोळा आतून जाम करून घेतलेला. डावं ढकलतंय, उजवं नुसतं घासतंय, म्हणून गाडीचं तोंड उजवीकडं जायचं.

मला काय झालं ते सांगू का, मला आनंद झाला. इतकी वर्षं तेच ते, बसलेला पाटा उठव, मोडलेला बदल. पहिल्यांदा कोणी तरी असं काम आणलं की ज्यात डोकं घालायचं होतं.

मी कमानी उतरवल्या, सगळे पाटे सोडवले, साफ केले. पुढच्या अर्ध्या भागाला क्लिपा घट्ट आवळल्या, अशा की पाटे एकमेकांपासून केसभर सुटू नयेत, म्हणजे गोळ्यानं नाक वर केलं तरी पुढून कमान फुगणार नाय. मागच्या अर्ध्याच्या क्लिपा ढिल्या, त्याला मोकळं हलू द्यायचं. आणि उजव्या कमानीला, फक्त पुढच्या अर्ध्यात, एक आखूड पाटा जास्तीचा. त्यानं काय होतं, गाडी उभी असताना उजवी बाजू दोन बोटं चढी दिसते. पण सोडली की दांडा उजवं चाक उचलायला जातो आणि तो आखूड पाटा त्याला खाली दाबून ठेवतो. उभी असताना वाकडी, सुटली की सरळ. त्या आखूड पाट्यावर मी पंचाच्या खिळ्यानं उ ठोकला. उ म्हणजे उजवा. पाट्यावर अक्षर ठोकायची आमच्यात पद्धत नाय, अण्णा फक्त एक ठिपका द्यायचे. पण हे काम आमच्या नियमाच्या उलटं होतं, गोंधळ नको म्हणून ठोकला. प्लॉटिंगच्या रस्त्यावर एकदा हळू, एकदा जोरात सोडून बघितली. दोन्ही पट्टे सारखे काळे. नदीमभाई खाली उतरून त्या पट्ट्यांचे फोटोच काढत बसला, नव्या पोराचे काढतात तसे.

गाडी दुकानासमोर उभी राहिली, शर्यतीला न्यायची म्हणून. आणि मला फुलंब्रीला जावं लागलं, मामाचं तेरावं होतं.

सुभाषनं ती गाडी मागून बघितली. उजवीकडं चढी. शेजारच्या चहाच्या टपरीवर चार ड्रायव्हर बसलेले, त्यातला एक म्हणाला म्हणे, काय सुभाषभाऊ, नवरदेवाची गाडी लंगडी झाली का? झालं. याच्या डोक्यात काय आलं असेल ते मी तुम्हाला त्याच्याच शब्दांत सांगते, कारण नंतर ते त्यानं मला सांगितलं, तेही रडवेल्या तोंडानं. ताई डावरी, तिचं डावं-उजवं लहानपणापासून उलटं, तिनं पाटा चुकून उजवीकडं टाकलाय. आता हे बाहेर कळलं तर ताईची इज्जत जाईल. म्हणून यानं दुकानातल्या कामाच्या पोरांना घरी पाठवलं, स्वतः गाडीखाली गेला, ठिणगीला भिणारा माणूस, कमानीचे बोल्ट खोलले, तो आखूड पाटा उजवीकडनं काढला आणि डावीकडं टाकला. डावी चढी, तर गाडी खडी. आणि कोणाला बोलला नाय. मला पण नाय. का, तर मला वाईट वाटेल.

ऐकलंत का? माझी चूक झाकली त्यानं. मी केलेलीच नाय ती चूक. असा राग तुम्हाला कधी आला नसेल. कोणी दुष्टपणानं केलं असतं तर मी त्याचं डोकं फोडून मोकळी झाले असते. हा मायेनं करून बसला.

शर्यत खानदेशाकडं होती, एका विमानाच्या धावपट्टीवर. गाडी ट्रॉलीवर टाकून नदीमभाई मी फुलंब्रीहून यायच्या आधीच गेला आणि मी आणि सुभाष मागनं टेम्पोत. नदीमभाईनं बजावलं होतं, आपा को लाना, नै तो मैं नै भगाता. आम्ही पोचलो तोवर गाडी रांगेत लागलेली. दोरी बांधलेली, तिच्या अलीकडं माणसं, माणसं म्हणजे सगळे बाप्येच, आणि आवाज असा की शेजारच्याचं बोलणं कळेना. मी दोरीपाशी गेले. गाडी माझ्याकडं पाठ करून उभी होती. आणि मला दिसलं.

डावी चढी.

मला आधी वाटलं ऊन डोळ्यावर आलंय. मग वाटलं जमीनच तिरकी असेल. मग मी शेजारच्या गाडीकडं बघितलं, ती सरळ होती. मी ओरडले, थांबवा म्हणून. कोणाला ऐकू जातंय. मी दोरीखालून आत वाकले तर सुभाषनं माझा दंड धरला. म्हणाला, ताई, आत जाऊ नको, तिथं बायका जात नायत. म्हणाले, पाटा डावीकडं आहे, सोड मला. तर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, व्हय, मला ठाऊक आहे, मीच नीट केलाय. तू काळजी करू नको.

मी त्याच्याकडं बघितलं. तो माझ्याकडं असं बघत होता की जणू मी त्याचे आभार मानणार आहे. आणि दिवा लागला.

दोन गाड्या सुटल्या. नदीमभाईची सरळ गेलीच नाय. डावं चाक आता दुप्पट दाबलं गेलं, उजवं हवेत, गाडीचं तोंड उजवीकडं, त्यानं स्टिअरिंग डावीकडं ओढलं तशी मागची बाजू फिरली, गाडी उजवीकडं पट्टीच्या बाहेर गवतात गेली आणि मातीच्या पोत्यांची रास लावली होती तिच्यात घुसली. नशीब की दुसरी गाडी डाव्या बाजूला होती. ती उजव्या बाजूला असती तर आज मी तुमच्याशी बोलत बसले नसते, आणि नदीमभाई कोणाशीच बोलत बसला नसता.

माणसं धावली. मी पण धावले, आता कोणी दंड धरला नाय. सीटचा पट्टा बांधलेला होता म्हणून नदीमभाईचा जीव वाचला, गळ्याखालचं हासळीचं हाड मोडलं, कपाळ फुटलं. त्याला बाहेर काढताना तो काय म्हणाला असेल? म्हणाला, आपा, नाची क्या? मी म्हणाले, नदीमभाई, गप पडा. आणि मी गाडीखाली वाकून बघितलं. डाव्या कमानीत, पुढच्या अर्ध्यात, तो आखूड पाटा, आणि त्यावर मी माझ्या हातानं ठोकलेला उ.

मागं माणसं बोलायला लागली होती. कमान कोणी बसवली हो? कोण मिस्त्री? कोणी तरी माझ्याकडं बोट केलं, ती बाई. बाई? हां, मग बरोबर आहे. एक जण हसला. आणि मी सुभाषकडं बघितलं की आता हा बोलेल. तो बोलला. हात जोडून बोलला, ताईला काही म्हणू नका, बाईमाणूस आहे, होतं एखाद्या वेळेस.

हे लिहा. मोठ्या अक्षरात लिहा. इतकी वर्षं माझं चांगलं काम त्याच्या नावावर गेलं, मी एका शब्दानं बोलले नाय. आणि पहिल्यांदा चार लोकांत माझं नाव निघालं ते त्याच्या वाईट कामासाठी.

परत येताना टेम्पोत मी एक शब्द काढला नाय. दुकानात आल्यावर काढले सगळे. म्हणाले, पाट्यावर उ ठोकलेला तुला दिसला नाय का? म्हणाला, दिसला. म्हणूनच तर कळलं की तुझी गफलत झाली. म्हणाले, माझी गफलत? म्हणाला, ताई, तुला आठवतं का, शाळेत बाईंनी उजवा हात वर कर म्हटलं की तू डावा करायचीस. म्हणाले, मुडद्या, तेव्हा मी सहा वर्षांची होते, आता माझ्या पोरीचं लग्न झालंय. तर म्हणाला, पण अण्णा सांगायचे, डावी चढी. तेच. मी म्हणाले, अण्णा ट्रकचं सांगायचे. जी गाडी वाकड्या रस्त्यावर हळू चालते तिचं सांगायचे. ही सरळ रस्त्यावर सुटते. हिला रस्ता वाकडं करत नाय, हिला हिचंच इंजिन वाकडं करतं. त्याला कळलं नाय. आई मधे पडली, पायरीवर बसून म्हणाली, भाऊ आहे तुझा, वाईटावर नव्हता, मिटवा आता. म्हणाले, आई, नदीमभाईचं हाड मोडलंय ते मिटव आधी.

दवाखान्यात मी एकटी गेले. नदीमभाईला सगळं सांगितलं, पाटा कोणी फिरवला, का फिरवला. मला वाटलं तो भडकेल. तो हसायला लागला, हासळी दुखते म्हणून ओय ओय करत हसायला लागला. म्हणाला, आपा, तुमच्या भावानं तुमची इज्जत बचाने को मेरा कंधा तोडा. मी म्हणाले, हसू नका. म्हणाला, तो क्या करूं, केस करूं? गाडी परत बना दो. पर इस बार ताला लगा के रखो. असं म्हणून त्यानं विषय संपवला. त्याचा संपला. माझा नाय संपला. कारण टपरीवर रोज चालू होतं. बाईनं उलटी कमान बसवली. बाईनं नवरदेवाची गाडी गवतात घातली. एका ट्रकवाल्यानं तर दारातून परत गाडी फिरवली, म्हणाला, भाऊ स्वतः करणार असतील तर येतो. भाऊ! आणि भाऊ गल्ल्यावर बसून मान खाली घालून पावत्या फाडतोय. तोंडातून एक अक्षर काढत नाय. मी विचारलं, का बोलत नायस? म्हणाला, दुकानाचं नाव जाईल. म्हणाले, माझं गेलं ते? तर म्हणतो कसा, तुझं नाव कुठं होतं ताई. वाईट हेतूनं नाय म्हणाला, खरंच विचारत होता.

त्या दिवशी मी पत्रा काढला. आडोशाचा पत्रा. नट गंजलेले, छिन्नी लावून तोडले. आणि चार हमाल बोलावून ऐरण, भाता, तेलाची टाकी, सगळं उचलून रस्त्याच्या तोंडाशी आणलं, गल्ल्याच्या शेजारी. ऐरण माझ्या हाताप्रमाणं, डावरी. सुभाष म्हणाला, ठिणग्या इथवर येतील. म्हणाले, येऊ दे, सरकून बस.

नदीमभाईच्या गाडीची कमान मी तिथं बसवली, भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यादेखत. तेच काम, परत तेच, पुढच्या क्लिपा आवळून, मागच्या ढिल्या, आखूड पाटा उजवीकडं. टपरीवरचे बघत होते. एक जण म्हणाला, मावशी, परत उजवीकडं? म्हणाले, व्हय, परत उजवीकडं, तुझं काय जातंय. मग गाडी प्लॉटिंगवर नेली आणि सुभाषला बरोबर घेतला. तो येत नव्हता, कॉलरला धरून नेला म्हणा ना. म्हणाले, खाली पड, गाल सिमेंटला लाव आणि बघ. नदीमभाईचा हात अजून गळ्यात होता, म्हणून त्याच्या मेव्हण्यानं चालवली. सोडली. सरळ गेली, दोरी ताणल्यासारखी. सुभाष उठला, पट्ट्यांपाशी गेला. दोन्ही काळे, दोन्ही सलग. बोटानं घासून बघितले. मग म्हणाला काय? मला वाटलं माफी मागेल. म्हणाला, मग अण्णा चुकीचं सांगत व्हते का गं?

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तो माझ्याशी भांडतच नव्हता. घण त्याला येत नाय, भट्टी त्याला येत नाय, बापाकडनं त्याला मिळालं काय, तर ती एक म्हण. तेवढंच त्याचं कमानीचं ज्ञान, आणि मी तेच उलटं करून ठेवलं होतं. म्हणून माझा राग कमी झाला असं समजू नका. कळलं, एवढंच. कळणं वेगळं आणि राग वेगळा.

आता परवाचीच गोष्ट. वैजापूरचा कांद्याचा गाडीवाला आला, जुनं गिऱ्हाईक. मी समोरच घण मारत होते. तो सुभाषला म्हणाला, काय भाऊ, उलटी कमान बसवली व्हती ती बाई हीच का? सुभाष हसला, म्हणाला, जाऊ द्या, जुनं झालं. मी घण खाली ठेवला. म्हणाले, सुभाष, सांग. तो म्हणाला, ताई, गिऱ्हाईक उभं आहे. म्हणाले, म्हणूनच सांग. त्यानं पुटपुटल्यासारखं केलं. ड्रायव्हर म्हणाला, आं? मी म्हणाले, मोठ्यानं. भाता बंद होता, टपरीवरचे पण गप झाले होते. मग म्हणाला एकदाचा, उलटी मी बसवली व्हती. ताईची बरोबर व्हती, मी फिरवली.

ड्रायव्हरनं त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाला, मग माझी कोण करणार? सुभाष म्हणाला, ताईच करणार. पहिल्यापासून तीच करते.

मी भट्टीतला पाटा काढायला सांडशी उचलली. तेवढ्यात पठ्ठ्या पुढं म्हणाला, मी देखरेख करतो.

देखरेख! सांडशी फेकून मारणार होते, गरम होती म्हणून नाय मारली.

तर असं आहे. त्या कांद्याच्या गाडीला मी डावी चढी दिली, कारण तिला तीच लागते. नदीमभाईची पांढरी गाडी दुकानासमोर उभी आहे, येताना बघितली असेल तुम्ही, उजवीकडं चढी, पुढच्या शर्यतीला जायची वाट बघते. जाणारा येणारा सांगून जातो, मावशी, गाडी लंगडी दिसते. मी कोणाला समजावत बसत नाय. सुटली की दिसेल. सुभाषला राखी मी यंदा पण बांधली, त्यानं ओवाळणी पण घातली. बांधताना म्हणाले, जग बाबा, शंभर वर्षं जग, देव तुला सुखी ठेवो, पण माझ्या कमानीला परत मायेनं हात लावलास तर हात तोडीन. तो म्हणाला, कोणता? म्हणाले, दोन्ही. डावं-उजवं मला कळत नाय ना.